माजघरातली फरशी

गेल्या आश्विनात आमच्या वाईच्या घरी तीन आठवडे छिन्नी-हातोड्याचा आवाज चालला होता. नवरात्राच्या आरतीच्या वेळीही तो थांबला नाही, तेव्हा 'हे काम दसऱ्यानंतर काढता आले नसते का?' म्हणून वहिनींनी नाराजी दाखविली, आणि ती योग्यच होती. परंतु घरातले काम हल्ली मुहूर्त पाहून निघत नाही. कामकऱ्यांना जेव्हा सवड असेल तेव्हा निघते. काम होते माजघराच्या जमिनीचे. वर दिसणारी पांढरी, गुळगुळीत फरशी उचलावयाची आणि तिच्याखाली गाडलेली जुनी नक्षीची फरशी मोकळी करावयाची, एवढेच. वरची पांढरी फरशी १९८८ साली मीच, माझ्या पैशाने आणि मोठ्या हौसेने बसविली होती. ज्या गोष्टीबद्दल छत्तीस वर्षांपूर्वी मी साऱ्या सोयऱ्याधायऱ्यांकडून शाबासकी घेतली, तीच उखडून काढण्यासाठी आता मी मजुरी मोजीत होतो. असा दुहेरी खर्च करणारा गृहस्थ शहाणा खास नव्हे. तथापि अशी जुनी घरे वाचकांपैकी पुष्कळांची असतील, आणि कोणाच्या मनात यंदाच्या दिवाळीपूर्वी काही सुधारणा करावयाचे घाटतही असेल, म्हणून ही हकीकत सांगावीशी वाटते.

आमचे घर कृष्णेच्या घाटापासून हाकेच्या अंतरावर आहे. गावातली माणसे त्याला वाडा म्हणतात. पण वाडा म्हणावा तो येथून कोसभरावरच्या मेणवलीतला नाना फडणिसांचा. तेथे चौकामागून चौक आहेत, आणि आतल्या भिंतींवर देवादिकांची रंगीत चित्रे अद्याप ओळखू येतात. आमचे आपले एका चौकाचे, मध्यम स्थितीचे घर. बाहेरून पाहणाराला काळ्या दगडाचे जोते, त्यावर विटांच्या जाड भिंती, एक बुटका दरवाजा आणि त्याच्या दोन्ही अंगांना पणतीपुरत्या दोन देवळ्या, यांपलीकडे काही दिसावयाचे नाही. देशावरच्या जुन्या घरांची रीतच अशी होती. रस्त्याकडे पाठ करून बसावयाचे आणि जी काही शोभा असेल ती आतल्या माणसांपुरती ठेवावयाची.

आत शिरल्यावर ओटी, ओटीमागे माजघर, माजघराच्या एका अंगाला देवघर आणि दुसऱ्या अंगाला स्वयंपाकघर. ओटीला चार आणि माजघराला दोन असे सहा सागवानी खांब आहेत. पुण्याच्या विश्रामबागवाड्याच्या दर्शनी भागी, इ. स. १८०७ च्या सुमाराचे, सुरूच्या झाडाच्या आकाराचे जे खांब आहेत, त्यांची ही गरीब भावंडे समजावीत. खांबाच्या माथ्यावर दोन्हीकडे पसरलेली कोरीव लाकडे असतात. त्यांना सुतार 'हात' म्हणतात. तुळईचा भार हे हात झेलतात आणि दोन खांबांमधले तुळईचे निराधार अंतर तेवढे कमी होते. त्यांच्या टोकाला केळफूल कोरलेले असते ते डोळ्यांसाठी. पण आधी वजन पेलावयाचे, मग फूल.

लहानपणी आम्हांला हे कोणी समजावून सांगितले नव्हते. आमच्या मते घरातली प्रत्येक वस्तू तेथे नेहमीच होती आणि तशीच असावयाची. कोनाडेच घ्या. भिंत दीड हात जाड. ती सगळी विटांनी भरून काढण्यापेक्षा मधून मधून पोकळी सोडलेली बरी, म्हणून गवंड्याने कोनाडे ठेवले. एकात समई असे, दुसऱ्यात पंचांग आणि आजोबांचा चष्मा, तिसऱ्यात तान्ह्या मुलांच्या घुटीची सहाण. घरात कपाट म्हणून एकच होते आणि त्याची कोणाला उणीव भासत नसे. भिंतींना दर दिवाळीपूर्वी चुन्याचा हात फिरे. माजघराच्या चुन्यात चिमूटभर नीळ पडे, त्यामुळे पांढरा रंग अधिकच पांढरा दिसे. ओटीच्या चुन्यात पिवडी कालवीत. आणि जमिनीपासून दोन हात उंचीपर्यंत काव लावीत. हा तांबडा पट्टा मला फार आवडे. पुढे कळले की, टेकून बसणाऱ्या मंडळींच्या तेलकट पाठींचे डाग लपावेत म्हणून तो होता. कारण कळल्यावरही माझी आवड कमी झाली नाही, हे येथे नमूद करतो.

या घरातली एकच शोभा अशी होती की जी गवंड्याने वा सुताराने आपल्या मनाने केली नव्हती, घरातल्या माणसाने बोट ठेवून मागितली होती. ती म्हणजे माजघराची फरशी.

१९३७ सालापर्यंत माजघराची जमीन शेणाने सारवीत. त्या वर्षी आजोबांना एका मोठ्या दाव्याची फी मिळाली आणि त्यांनी फरशी घालण्याचे ठरविले. तोपर्यंत रंगीत फरशी हे मुंबईच्या शेटजींचे किंवा संस्थानिकांचे काम समजले जाई. स्टोक-ऑन-ट्रेंट येथील मिंटनच्या कारखान्यासारख्या ठिकाणी मातीच्या फरश्या भाजून त्या विलायतेहून बोटीने येत. परंतु मुंबईत १९२२ साली, स्वदेशीच्या वाऱ्यात, सिधवा घराण्याने 'भारत फ्लोअरिंग टाइल्स' हा कारखाना काढला होता, आणि सिमेंटच्या नक्षीदार फरश्या इकडच्या मध्यम स्थितीच्या लोकांच्याही आवाक्यात येऊ लागल्या होत्या.

ही सिमेंटची फरशी करण्याची रीत मोठी मौजेची आहे. मूळ ती फ्रान्सच्या दक्षिणेकडची, एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावरची. हिला भट्टी लागत नाही. लोखंडी चौकटीत नक्षीप्रमाणे वळविलेल्या धातूच्या पट्ट्यांचा साचा बसवितात. त्या साच्याच्या घराघरांत पांढरे सिमेंट, संगमरवराची पूड आणि खनिज रंग यांचे सरबरीत मिश्रण ओततात, एका घरात हिरवे, दुसऱ्यात पिवळे. मग साचा अलगद वर उचलावयाचा. कारागिराचा हात कापला तर सारे रंग एकमेकांत मिसळावयाचे. हात सधला असेल तर ते शेजारी शेजारी जागच्या जागी राहतात. वर कोरडे सिमेंट आणि वाळू पसरून ती दाबयंत्राखाली दाबतात आणि पुढे पाण्यात मुरवितात. रंगाचा थर सूत-दीड सूत जाड असतो. म्हणूनच अशी फरशी दोन पिढ्यांच्या पायांखाली झिजली तरी नक्षी निघून जात नाही. उलट तिच्यावर एक तुकतुकी चढते, ती नव्या फरशीला कितीही पैसे टाकून आणता येत नाही.

तर नमुन्यांचे पुस्तक मुंबईहून आले आणि माजघरात हातोहात फिरू लागले. आजीचे म्हणणे, एवढा खर्च कशाला? शहाबादी फरशी घाला, डाग दिसत नाहीत आणि उन्हाळ्यात थंड राहते. आजोबांना निवाडा करता येईना. अखेर, वडील माणूस म्हणून विचारावे अशा रीतीने, ते पुस्तक त्यांनी आक्कांपुढे ठेवले.

आक्का म्हणजे आजोबांची थोरली बहीण. नवव्या वर्षी लग्न, अकराव्या वर्षी वैधव्य. तेव्हापासून माहेरी. मला त्या आठवतात त्या सत्तरीच्या घरातल्या. काळ बदलला होता, घरातल्या पुरुषांनी दोनतीन वेळा आग्रहही केला होता, परंतु त्यांनी आलवण सोडले नाही. १९७१ साली त्या गेल्या तोपर्यंत त्यांच्या अंगावर बिनकाठाच्या तांबड्या वस्त्राशिवाय दुसरा रंग मी पाहिला नाही. त्या काळच्या आमच्या घरात विधवेला कोणी बोलून छळत नव्हते. सोवळ्यातला स्वयंपाक, मुलांची आजारपणे, लोणची-पापड, साऱ्यांत त्यांचा शब्द अखेरचा असे. केवळ दारी मंगलकार्य निघाले म्हणजे त्या आपण होऊन मागच्या पडवीत जाऊन बसत, आणि त्यांना 'इकडे या' असे कोणी म्हणत नसे. सुशिक्षित घरातला अन्याय बहुधा असाच, आवाज न करता, होत असतो. असो.

पुस्तक पुढे आले तेव्हा आक्का वाती वळीत होत्या. त्यांनी हात पदराला पुसले, पाने चाळली आणि एका पानावर बोट ठेवले. हस्तिदंती रंगाची जमीन, तिच्यावर गर्द हिरव्या पानांची वेल, मोहरीच्या फुलाच्या रंगाचे फूल, फुलाच्या गाभ्यात डाळिंबी ठिपका; आणि चहूकडून कोयऱ्यांचा काठ. काठाच्या फरशीला दर अधिक होता. आजीने तसे बोलूनही दाखविले. त्यावर आक्का म्हणाल्या, "आम्हां बायकांना दिवसभर खालीच बघायचं असतं. निवडणं खाली, टिपणं खाली, बोलणं ऐकायचं तेही खाली मान घालून. मग खाली तरी काही बघण्यासारखं असू दे." आजोबा काही बोलले नाहीत. त्यांनी त्याच दिवशी मुंबईला पत्र टाकले. ही हकीकत आजीने माझ्या आईला सांगितली आणि आईने मला. सांगताना दोघींनीही शब्द बदलले नसावेत असे मला वाटते, कारण असे शब्द बनवून सुचत नाहीत.

आता माझ्याकडे येतो. १९८८ साली धाकट्या भावाचे लग्न ठरले. मी तेव्हा मुंबईला बँकेत अधिकारी होतो. हाती चार पैसे होते आणि डोक्यात मुंबईच्या नव्या फ्लॅटांचे दिवाणखाने होते. नव्या सोयरिकीची मंडळी पुण्याहून येणार. त्यांनी आमच्या काळोख्या माजघरात, काजळी धरलेल्या कोनाड्यांपुढे बसावे याची मला लाज वाटली. मी आठ दिवसांची रजा काढली. कोनाडे विटा घालून बुजविले आणि वरून गिलावा केला. भिंतींना तैलरंग दिला. सहाही खांबांना पिस्त्याच्या रंगाचा तैलरंग फासला. आणि माजघरात पांढरीशुभ्र, चकचकीत, आरशासारखी फरशी बसविली. काम करणाऱ्या मिस्त्रीने सांगितले की, नवी फरशी जुन्या फरशीवर धरावयाची तर खाली टाच्या माराव्या लागतील; म्हणजे टोकदार छिन्नीने सबंध जमिनीवर खळगे पाडावे लागतील, त्यांत माल घट्ट बसेल. मी म्हटले, मारा.

टाच्या मारण्याचे काम चालू असता आई स्वयंपाकघरात होती. तिने उंबऱ्याशी येऊन विचारले, "खाली आक्कांची फरशी आहे तशीच राहते ना रे?" मी आणि मिस्त्री दोघेही वेलीच्या मधोमध उभे होतो. मी म्हटले, "हो, अगदी सुरक्षित राहते. उद्या वाटलं तर वरची काढून टाकायची." आई "बरं" म्हणाली आणि आत गेली. तिला तो आवाज ऐकू येत नव्हता असे नाही. तिने पुढे पंधरा वर्षे, २००३ मध्ये जाईपर्यंत, फरशीचा विषय पुन्हा काढला नाही. आणि मीही त्या 'हो'कडे वळून पाहिले नाही.

लग्न थाटात झाले. पाहुण्यांनी पांढरी फरशी नावाजली. पुढच्याच पावसाळ्यात भिंतींनी आपले मत दिले. जुन्या चुन्याच्या भिंती जमिनीतली ओल वर ओढतात आणि पृष्ठभागावाटे सोडून देतात. चुना तिला अडवीत नाही. मी त्यांच्या अंगावर तैलरंगाचे कातडे चढविले, तेव्हा ओल आतच कोंडली. हातभर उंचीपर्यंत फोड आले, पापुद्रे सुटले, मागचा गिलावा भुगा होऊन पडू लागला. ज्या ठिकाणी काव असावयाची नेमक्या त्याच ठिकाणी. आम्ही दर दोन वर्षांनी नवा रंग देत राहिलो, आणि वाईच्या पावसाला नावे ठेवीत राहिलो.

गेल्या वर्षी घराचा प्रश्न उभा राहिला. दादा आणि वहिनी तेथे राहतात. मी सेवानिवृत्तीनंतर वर्षातले सहा महिने जाऊन असतो. धाकट्याचे म्हणणे, घर विकासकाला द्यावे. त्याला स्वार्थी म्हणणे सोपे होते आणि आम्ही ते म्हटलेही. पण त्याचे गुडघे दुखतात, मुलगा परदेशी आहे, कौले चाळण्याचा खर्च दरसाल वाढतो, आणि आपल्या हिश्शाचे पैसे हयातीत मिळावेत ही अपेक्षा काही पाप नव्हे. तीन बैठकी झाल्या. दुसऱ्या बैठकीत आवाज इतके चढले की शेजारच्यांनी खिडकी लावून घेतली. शेवटी परसू आणि मागची पडवी त्याच्या वाट्याला गेली. ती त्याने विकली. तेथे आता तीन मजली इमारत उभी राहत आहे, आणि माजघरात दुपारी मागच्या दाराने जो उजेड येई तो बंद झाला आहे. आक्का ज्या पडवीत जाऊन बसत ती उरली नाही, याचे मला दुःख आहे की नाही, हे मी अद्याप ठरवू शकलेलो नाही.

उरलेल्या घराचे काय करावयाचे, हे दादांच्या मुलीने हाती घेतले. ती पुण्यास वास्तुशास्त्र शिकली आहे. प्रथमच आली ती एक लहानसा चाकू घेऊन. आणि बैठकीच्या खोलीच्या कोपऱ्यात, पोस्टाच्या तिकिटाएवढ्या जागेतले रंग एकेक करून खरवडीत बसली. वर राखाडी, त्याखाली पिस्ता, त्याखाली गुलाबी, मग निळसर पांढरा, पिवडी, पुन्हा निळसर पांढरा, आणि तळाशी नुसता चुना. पायरीपायरीने तिने ते सात रंग उघडे ठेवले आणि मला विचारले, "काका, यातला कुठला कुणी दिला ते सांगता येईल?" गुलाबी रंग माझ्या मुंजीचा. पिस्ता रंगावर मी बोट ठेवले नाही. तिला तो ठाऊक होताच.

पांढरी फरशी उचलावयास प्रारंभ झाला तेव्हा मी दुसऱ्या खोलीत जाऊन वर्तमानपत्र वाचीत बसलो. पहिल्या दिवशी मिस्त्रीने उत्साहाने सांगितले की, ॲसिड ओतून तासाभरात सारे स्वच्छ करून देतो. पुतणीने बाटली त्याच्या हातातून काढून घेतली. सिमेंटच्या फरशीवर ॲसिड पडले म्हणजे मालाबरोबर रंगही खाऊन टाकते. स्वच्छ होते खरे, पण बरोबर नक्षीही जाते. त्यामुळे इंचाइंचाने, पातळ छिन्नी आडवी धरून, माल सोलून काढावा लागला. तीन आठवडे लागले ते त्यासाठी.

आठ इंची चौरस अशा, रुंदीला अठरा आणि लांबीला तीस, एकूण पाचशे चाळीस फरश्या. त्यांतल्या त्र्याहत्तर फुटलेल्या निघाल्या. उरलेल्या सगळ्यांवर माझे खळगे. ज्वारीच्या दाण्याएवढे, काही हरभऱ्याएवढे. पानावर, फुलावर, नेमक्या डाळिंबी ठिपक्यावर. मला वाटले होते त्याहून कमी, आणि सहन होईल त्याहून अधिक. मी पुतणीला म्हटले, यांत रंगीत सिमेंट भरून टाक, म्हणजे दिसणार नाही. ती म्हणाली, दिसेल. देवीच्या व्रणांवर पावडर लावल्यासारखे दिसेल. आमचा वाद बराच वेळ चालला. वहिनी अनवाणी त्या फरशीवरून या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालून आल्या आणि म्हणाल्या, "भावोजी, पायाला बोचत नाही. राहू द्या." तेव्हा खळगे तसेच राहिले.

त्याच वहिनी संध्याकाळी, फरशी प्रथमच पाण्याने धुऊन निघाली तेव्हा, दारात थबकून उभ्या राहिल्या. "अगबाई," त्या म्हणाल्या, "हे तर काठापदराचं लुगडं वाळत घातल्यासारखं दिसतंय!" मी सत्तर वर्षे ती फरशी ओळखत होतो, आणि हे मला दिसले नव्हते.

देवघराच्या बाजूच्या खांबापाशी एक जागा आहे. तेथे दोन हातभर जागेतली नक्षी भोवतालच्या मानाने मऊ झालेली आहे, आणि तिच्यावर समांतर असे दोन ओरखडे आहेत, वीतभर अंतराने. लोहमार्गासारखे. मिस्त्रीला वाटले, येथे एखादे यंत्र ठेवलेले असावे. तो पाट होता. खालच्या दोन पट्ट्यांवर तो पुढे-मागे सरके. वाती वळताना उजेडाकडे, आणि कोणी बाहेरचे आले म्हणजे खांबाच्या आड.

फुटलेल्या त्र्याहत्तर फरश्यांसाठी मुंबईचा एक कारखाना शोधला. अशा फरश्या तेथे अजून साच्यांतून हाताने ओततात. नमुना नेऊन दिला, दोन महिन्यांनी माल आला. रंग मोजून मापून तेच. पण नवा हस्तिदंती रंग अगदी कोरा दिसतो, नव्या सुनेसारखा बुजलेला. पुतणीने ते तुकडे जुन्यांत विखरून लपविले नाहीत. पूर्वी जेथे धान्याच्या कणगी असत त्या भिंतीलगत ते सगळे एकत्र बसविले. ज्याला ओळखावयाचे त्याला ओळखता येतात. कोनाडे उघडले. एकात विटांमागे घुटीची सहाण निघाली. मी घाईत तीही भिंतीत चिणली होती.

या निमित्ताने हल्लीच्या गृहशोभेविषयी दोन शब्द बोलण्याचा मोह आवरत नाही. आज सुशिक्षितांच्या घरी जावे तर दोन तऱ्हा दिसतात. एका घरात सारे राखाडी आणि पांढरे. सोफा राखाडी, भिंत राखाडी, पडदाही राखाडी. बसल्यावर डॉक्टर केव्हा बोलावतात याची वाट पाहावी असे वाटते. माझ्या १९८८ च्या पांढऱ्या फरशीचीच ही नातवंडे आहेत, तेव्हा मी त्यांना फार हसू नये. दुसऱ्या तऱ्हेच्या घरात सगळे जुने, पण विकत आणलेले. पुण्यात १२ जुलै १९६१ च्या पानशेतच्या पुरात वाडे पडले, आणि त्यातून वाचलेले पुढे इमारतींसाठी एकामागून एक पाडले गेले. त्यांचे खांब, दरवाजे, हंड्या जुन्या बाजारात आल्या. आता कोरीव खांब एखाद्या उपाहारगृहात उभा असतो आणि त्याच्या हातांवर काहीच भार नसतो. जात्यावर काच ठेवून त्याचे चहाचे टेबल केलेले असते. यजमान मोठ्या कौतुकाने त्याची किंमत सांगतात. मला त्या जात्याचा खुंटा कोठे गेला असेल हेच सुचत राहते. तरी एक म्हणेन, की लाकडाच्या वखारीत जळून जाण्यापेक्षा तो खांब तेथे उभा आहे हे बरे. आणि रंगांची, नक्षीची भूक लोकांना पुन्हा लागली आहे, हे तर फारच बरे.

मात्र जुन्या घराच्या प्रेमात पडणाऱ्या तरुण मंडळींना मी एक सांगत असतो. ते माजघर काळोखे होते. त्यात धूर असे; चार बाया तेथेच वावरत, तेथेच निजत, आणि ओटीवर काय चालले आहे ते दाराच्या फटीतून पाहत. आमच्या पुतणीने स्वयंपाकघराच्या भिंतीला नवी खिडकी पाडली. दादांनी प्रथम कुरकूर केली, की हे मूळच्या घरात नव्हते. ती म्हणाली, "मूळच्या घरात असती तर मी पाडली नसती." भिंतींना पुन्हा नीळ घातलेला चुना दिला आहे, खाली दोन हात काव. यंदाच्या पावसाळ्यात फोड आले नाहीत.

खांबांचे काम मात्र मी कोणाला करू दिले नाही. तैलरंग काढावयाचा तो गरम वाऱ्याच्या झोताने मऊ करून पत्र्याने हळूहळू खरवडावा लागतो. कॉस्टिक लावले तर लवकर सुटतो, पण सागवान काळे पडते. माजघराचा देवघराकडचा खांब मी घेतला. रोज सकाळी चहा झाल्यावर तासभर. केळफुलांच्या पाकळ्यांतला रंग निघता निघत नाही. तेथे दाताच्या कोरण्याने काम करावे लागते. वरपासून सुरुवात केली ती गेल्या पाच महिन्यांत कमरेपर्यंत आलो आहे. लाकूड मधासारखे निघाले आहे. त्याखालचा भाग अद्याप पिस्त्याच्या रंगाचा आहे, कारण मला फार वेळ वाकवत नाही. वहिनींनी परवा न विचारता खांबाशी पाट आणून ठेवला, आणि म्हणाल्या, "बसून करा." पाटाच्या पट्ट्या त्या दोन ओरखड्यांत बरोबर बसल्या. खांबाचा अजून अडीच हात रंग राहिला आहे.